थकव्याचा हिशेब : मापन, उपचार आणि रुग्णाची नोंदवही (१८६९–२०२१)

प्रस्तावना

ताप थर्मामीटरवर दिसतो, रक्तदाब पाऱ्याच्या उंचीत मोजता येतो; थकवा मात्र ज्याला येतो त्यानेच सांगावा लागतो. त्यामुळे थकव्याच्या इतिहासात औषधापेक्षा साक्षीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला आहे. महिनोन्महिने न ओसरणारा थकवा घेऊन जगणाऱ्या माणसाने हाती असलेली शक्ती दिवसभर कशी पुरवावी, तिची नोंद कोणी ठेवावी आणि ती नोंद खरी कोणी मानावी, या प्रश्नांना पाश्चात्त्य वैद्यकाने दिलेल्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शक्तीचे भांडवल

१८६९ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज मिलर बिअर्ड यांनी ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजेच मज्जादौर्बल्य, या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसाजवळ मज्जाशक्तीचा ठराविक साठा असतो आणि आधुनिक जीवन तो उधळून टाकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८८१ च्या ग्रंथात त्यांनी एडिसनच्या विजेच्या दिव्यांचा दाखला दिला : यंत्राची क्षमता ठरलेली असताना दिवे वाढवीत गेल्यास सगळेच मंदावतात. आजचे रुग्ण स्वतःच्या शक्तीविषयी बोलताना ‘बॅटरी’ हा शब्द वापरतात, त्याची पूर्वपीठिका इथवर जाते.

साठा मर्यादित असला तरी त्याची किल्ली रुग्णाच्या हाती नव्हती. फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल यांनी लोकप्रिय केलेल्या विश्रांती-उपचारात रुग्णाला, बहुधा स्त्रीला, कित्येक आठवडे अंथरुणात ठेवून दूध, मालीश आणि विजेचे उपचार दिले जात. वाचन-लेखन वर्ज्य असे. १८८७ मध्ये हा उपचार घेतलेल्या शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८९२ मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध केली. ती विश्रांतीविरुद्धची तक्रार म्हणून वाचली जाते. वस्तुतः तिची तक्रार विश्रांतीच्या सक्तीविरुद्ध आहे, आणि कथेतील स्त्री चोरून लिहिते ती तिच्या दिवसांची नोंदच होय.

बोटाचे यंत्र

याच सुमारास इटलीतील तुरीन येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी थकवा कागदावर उमटविला. त्यांच्या ‘अर्गोग्राफ’ यंत्रात हात पक्का बांधलेला असे. मधल्या बोटाने ठराविक लयीत वजन उचलावयाचे आणि प्रत्येक उचल फिरत्या नळकांड्यावरील कागदावर रेघ सोडे. रेघा हळूहळू आखूड होत जात. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या थकव्यावरील ग्रंथात या आलेखांची चर्चा आहे. प्राध्यापकवर्गास त्यातील एक प्रयोग विशेष आपला वाटेल. मोस्सोंचे सहकारी माज्जोरा यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्यानंतर बोट यंत्रात ठेवले, तेव्हा त्याची शक्ती स्पष्टपणे घटलेली आढळली. केवळ प्रश्न विचारून बोट थकले होते.

माज्जोरा यांचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. तीस उचलींनी पूर्ण दमलेले बोट पूर्ववत होण्यास सुमारे दोन तास लागत; पंधरा उचलींनंतर थांबल्यास अर्धा तास पुरे. काम निम्मे केले की विश्रांती निम्मी नव्हे, पावपट लागते. आधीच दमलेल्या स्नायूकडून करवून घेतलेले थोडे कामही ताज्या स्नायूच्या मोठ्या कामापेक्षा अधिक हानी करते, असेही मोस्सोंनी नमूद केले. दमण्यापूर्वी थांबण्याचे गणित असे निरोगी बोटांवर मांडले गेले होते. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांच्या पाहणीत कामाचे तास आणि थकवा यांचा संबंध तपासला गेला. परंतु तो हिशेब उत्पादनासाठी होता. आजाऱ्याच्या घरापर्यंत हे गणित पोहोचण्यास आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

रुग्णालयातील साथ

१९५५ च्या जुलैपासून लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक विचित्र साथ पसरली. बाधितांमध्ये २९२ कर्मचारी होते, तर दाखल असलेल्या रुग्णांपैकी मोजकेच. रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. १९५६ मध्ये ‘द लॅन्सेट’च्या संपादकीयात ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ हे नाव पुढे आले. तेथील डॉक्टर मेल्विन रॅम्झी यांनी पुढची तीन दशके या रुग्णांचा पाठपुरावा केला. किरकोळ श्रमानंतरही स्नायूंची शक्ती परत येण्यास तीन किंवा अधिक दिवस लागतात, हे त्यांनी या व्याधीचे मुख्य लक्षण मानले. माज्जोरांचे दोन तास येथे तीन दिवस झाले होते.

१९७० मध्ये मात्र दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, रुग्णांची तपासणी न करता, जुन्या कागदपत्रांवरून ही साथ सामूहिक उन्मादाची होती असे प्रतिपादन केले. बाधितांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, हा त्यांच्या पुराव्याचा एक भाग होता. त्यानंतर १९८८ मध्ये अमेरिकेत ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले आणि १९९४ च्या व्याख्येत श्रमानंतरची घसरण आठ पर्यायी लक्षणांपैकी केवळ एक म्हणून उरली.

प्रश्नावली आणि नोंदवही

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील लेनर्ड जेसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालाच दोन आकडे लिहावयास सांगितले : आज उपलब्ध वाटणारी शक्ती किती, आणि खर्च झालेली किती. दोन्ही शून्य ते शंभर या मापावर. खर्च उपलब्धतेच्या पाकिटाबाहेर जाऊ द्यावयाचा नाही, एवढाच नियम. २००३ मध्ये ल्युपसने ग्रस्त क्रिस्टीन मिझरँडिनो यांनी हीच गोष्ट चमच्यांच्या दृष्टांताने मांडली : उठणे, अंघोळ, कपडे, प्रत्येकाला एकेक चमचा द्यावयाचा, आणि चमचे मोजकेच.

अधिकृत वैद्यक तेव्हा उलट दिशेने चालले होते. रुग्ण हालचाल टाळतो म्हणून दुबळा होतो, या गृहीतकावर आधारलेला क्रमशः वाढविलेला व्यायाम ब्रिटनच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत शिफारसपात्र ठरला. त्यास २०११ च्या ‘पेस’ चाचणीने बळ दिले. ६४१ रुग्णांच्या या चाचणीस ब्रिटनच्या कार्य व निवृत्तिवेतन खात्याचेही अर्थसाहाय्य होते. तिच्यातील एक विसंगती अभ्यासकांनी दाखवून दिली. शारीरिक क्षमतेच्या प्रश्नावलीत ६५ किंवा कमी गुण असणारा रुग्ण चाचणीस पात्र होता. बरा झाल्याच्या निकषांत मात्र याच प्रश्नावलीचे ६० गुण पुरेसे ठरविले गेले. हालचाल मोजणारे यंत्र प्रारंभी बांधले गेले, पण निष्कर्षासाठी वापरले गेले नाही. रुग्णाचा शब्द प्रश्नावलीत ग्राह्य धरला गेला. ‘व्यायामानंतर तिसऱ्या दिवशी मी कोसळतो’ हा त्याच्या नोंदवहीतील शब्द मात्र भीतीचे लक्षण ठरला. ही निवड शास्त्रीय काटेकोरपणाची म्हणता येत नाही.

एका रुग्णाने माहितीच्या अधिकाराखाली आधारसामग्री मागितली आणि २०१६ मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणाने ती देण्याचा आदेश दिला. मूळ आराखड्यातील निकष लावून केलेल्या फेरतपासणीत बरे होण्याच्या प्रमाणातील लक्षणीय फरक नाहीसा झाला. चाचणीकर्त्यांनी आपल्या निष्कर्षांचे समर्थन कायम ठेवले. दरम्यान कॅलिफोर्नियातील संशोधकांनी लागोपाठ दोन दिवस श्रमचाचणी घेतली असता, दुसऱ्या दिवशी अनेक रुग्णांची प्राणवायू वापरण्याची क्षमता घसरलेली दिसली. एकाच दिवसाच्या चाचणीत ही घसरण लपून राहते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये श्रमोत्तर घसरण हे अनिवार्य लक्षण मानले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ब्रिटनच्या नव्या सूचनांनी क्रमशः वाढविलेला व्यायाम वगळून त्याजागी ‘ऊर्जा-व्यवस्थापन’ आणले : आपली मर्यादा रुग्णाने ओळखावयाची आणि वैद्यकाने तीस साहाय्य करावयाचे.

कोविडनंतर दीर्घकाळ आजारी राहिलेल्यांमुळे ही पद्धत २०२० पासून अधिक परिचित झाली. आता अनेक रुग्ण मनगटावरील घड्याळात नाडीची मर्यादा लावून ठेवतात. ती ओलांडताच घड्याळ इशारा देते. तथापि, नाडीला संभाषण, हिशेब किंवा प्रखर प्रकाश यांचा खर्च पुरेसा कळत नाही. माज्जोरांचे परीक्षा घेऊन दमलेले बोट येथे आठवावे. शिवाय नोंद ठेवणे हेही श्रमच असतात. अंधाऱ्या खोलीत पडून असलेल्या तीव्र रुग्णांना रोज दोन आकडे लिहिणेही झेपत नाही; त्यांची वही घरातले कोणीतरी लिहिते, आणि प्रश्न विचारायचे नसल्याने बहुधा चेहऱ्यावरून अंदाज घेऊनच.