यात्रेकरूंच्या बाकावरील विद्यार्थी

स्पेनच्या वायव्य टोकाला, सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील कॅथीड्रलमध्ये रोज यात्रेकरूंसाठी मिस्सा होते. (‘मिस्सा’ म्हणजे मुख्य उपासना, वसई-गोव्याकडील कॅथलिकांच्या तोंडचा हा शब्द.) शेकडो किलोमीटर चालून आलेल्या भाविकांच्या शेजारी परदेशांतून विनिमय योजनेखाली आलेले विद्यार्थीही बसतात. १४९५ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ याच गावात आहे. प्रार्थनेचा अर्थही न कळणारी ही मुले तिथे उपरी ठरतात काय? इतिहास पाहता, तसे म्हणवत नाही.

येशूचा शिष्य सेंट जेम्स याची कबर येथे आहे ही श्रद्धा ९व्या शतकात रुजली. सध्याच्या कॅथीड्रलचे बांधकाम १०७५ मध्ये सुरू झाले. परंतु मध्ययुगातही या वाटेवर केवळ भाविक नव्हते. न्यायालयाने शिक्षा म्हणून धाडलेले अपराधी होते, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने चालणारे होते. १२व्या शतकातील ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या ग्रंथात तर यात्रेकरूंसाठी मार्गदर्शिकाच आहे. कोणत्या नदीचे पाणी घातक, कोणते नावाडी लुबाडतात, हे तीत सांगितले आहे.

विद्यार्थ्यांचे डोळे बहुधा ‘बोताफुमेइरो’कडे लागलेले असतात. सुमारे ५३ किलो वजनाचे हे प्रचंड धूपपात्र आठ माणसे दोरांनी ओढून छतापर्यंत झुलवतात. ते रोज झुलत नाही. मोठ्या सणांना, किंवा कोणी देणगी दिली तरच. आधीचे चांदीचे पात्र १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने पळवले. आजचे १८५१ चे, चांदीचा मुलामा दिलेले.

यात्रा मात्र मध्यंतरी जवळजवळ विझली होती. १९८५ साली नोंद झालेले यात्रेकरू हजाराच्या आत होते. ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी त्याच दशकात पिवळ्या रंगाचे बाण रंगवून हरवलेली वाट पुन्हा दाखवून दिली. १९८७ मध्ये युरोप परिषदेने या वाटेला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केले. विद्यार्थी-विनिमयाची ‘इरास्मस’ योजना सुरू झाली तीही १९८७ मध्येच. संस्था दोन, निरनिराळ्या. पण दोन महायुद्धे लढलेल्या देशांनी प्रवासातून एकमेकांना ओळखावे, हा विचार मला दोन्हींमागे दिसतो. २०२४ मध्ये यात्रेकरूंची नोंद ५ लाखांच्या घरात गेली.

चर्चने तरीही एक रेषा राखली आहे. धार्मिक वा आध्यात्मिक हेतूने किमान १०० किलोमीटर चालणाऱ्यास ‘कोम्पोस्तेला’ हे लॅटिन प्रमाणपत्र मिळते, इतरांना वेगळे. मिस्सेला येताना हेतू कोणी विचारत नाही. पवित्र भाकर वाटली जाते तेव्हा मात्र कॅथलिक रांगेत पुढे जातात आणि बाकीचे विद्यार्थी बाकावरच थांबतात.