गोवळकोंडा आणि कुऱ्हाडीचा दांडा

मुलांना घेऊन हैदराबादला गेलो की गोवळकोंड्याची फेरी आपणा आदिलाबादकरांची ठरलेली. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली गाईड टाळी वाजवतो आणि ती वर बालाहिसारात ऐकू जाते. शत्रू आला की वरच्यांना लगेच कळावे म्हणून ही युक्ती, असे तो सांगतो आणि मुले खूश होतात. मात्र हा किल्ला पडला त्या रात्री या टाळीचा काहीही उपयोग झाला नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिण मोहिमेवर निघाले, तेव्हा भागानगरात त्यांचे स्वागत करणारा अबुल हसन कुतुबशहा, म्हणजे तानाशहा, हाच गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान. दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाने किल्ल्याला वेढा घातला. वेढा जवळजवळ आठ महिने चालला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, तर ते उलटून त्यांचेच सैनिक मेले. वरून पावसाळा, छावणीत धान्याची टंचाई आणि रोगराई. तोफांनी तट फुटेना.

सप्टेंबरातल्या एका रात्री तटाची खिडकी आतून उघडली गेली. उघडणारा अब्दुल्ला खान पन्नी हा सुलतानाच्याच पदरचा अफगाण सरदार. मोगलांच्या पैशाने तो फितला होता. त्याच रात्री अब्दुर रझाक लारी हा दुसरा सरदार मात्र अंगावर असंख्य जखमा झेलत एकटा लढत राहिला. त्यालाही मोठ्या मनसबीचे आमिष दाखवले गेले होते, ते त्याने धुडकावले होते. किल्ला एक, मीठ एकाच धन्याचे आणि माणसे दोन तऱ्हेची. तानाशहाचे उरलेले आयुष्य दौलताबादच्या कैदेत गेले.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण म्हणतो. हे महाराजांनी फार आधी ओळखले होते. सभासद बखरीत गडाच्या कारभाराची रीत दिली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे, पहारा सरनोबताकडे. तिघांनी मिळून कारभार करायचा. दाणागोटा आणि सामानासाठी कारखानीस वेगळा. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावरच्या माणसांची पारख आणि ठरावीक काळाने बदली यांवर भर आहे. म्हणजे एक जण फितला तरी गड जाऊ नये, अशी ती रचना. यात कोणाचा अपमान नव्हता. माणूस चांगला असला तरी त्याच्यावर संकट येऊ शकते, लोभ सुटू शकतो, हे जाणून केलेली ती व्यवस्था होती.

आता तीनशे वर्षे ओलांडून आपल्या काळात येऊ. कारवारकडच्या मुलखात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, कैगा अणुवीज केंद्र आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीत काहींच्या शरीरात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य जास्त आढळले. शोध घेता घेता बोट एका पिण्याच्या पाण्याच्या कूलरवर आले. त्यात कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते. चाळीसहून अधिक लोकांच्या पोटात ते गेले होते. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी हे आतल्याच कोणाचे तरी जाणूनबुजून केलेले कृत्य असल्याचे जाहीरपणे सांगितले. बाहेर कुंपण, बंदूकधारी पहारा, ओळखपत्रांची तपासणी, सगळे होते. पण जो रोज रीतसर आत येतो, त्याला कुंपण काय करणार? इथे कामी आली ती नेहमीची, कंटाळवाणी वाटणारी तपासणी.

आतल्या माणसाकडे तीन गोष्टी असतात: प्रवेश, अधिकार आणि माहिती. म्हणूनच जगभरच्या अणुकेंद्रांत नाजूक ठिकाणी एकट्याला जाऊ न देण्याचा, दोघांनी मिळून काम करण्याचा नियम असतो. महाराजांच्या गडावरची रीत याहून वेगळी कुठे होती?

संगणकाच्या जगात तर द्वेष नसलेला माणूसही खिडकी उघडी ठेवतो. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुकेंद्राच्या प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात घातक प्रोग्राम शिरल्याचे आढळले. अणुभट्टीचे जाळे वेगळे ठेवलेले होते, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

मी सरकारी नोकर आहे, म्हणून एक कबुलीही देतो. काही वर्षांपूर्वी गौरीसाठी गावी जाण्याच्या घाईत मी माझा पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कागदावर लिहून दिला. परत आलो तर एका शेतकऱ्याची नोंद चुकली होती, आणि ती माझ्या नावाने होती. सहकाऱ्याच्या मनात पाप नव्हते, घाईत चूक झाली. मेमो मला मिळाला, तो योग्यच होता. पण त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने दुरुस्तीसाठी चार हेलपाटे घातले, तेही उन्हात. माझ्यावर रागावलासुद्धा नाही. ते मला अजून टोचते. पन्नीने पैशासाठी खिडकी उघडली, मी ओळखीपोटी. खिडकी उघडली ती उघडलीच.

याचा अर्थ प्रत्येकाकडे संशयाने पाहावे असा नाही. संशयाने घर चालत नाही आणि कार्यालयही चालत नाही. आपल्या मंडळाची वर्गणी दोघे मिळून मोजतात, बँकेत दोन सह्या लागतात. त्यात खजिनदाराचा अविश्वास नाही, उलट उद्या कोणी बोट दाखवले तर त्याचेच रक्षण आहे. घरीही बँकेचा ओटीपी मागणाऱ्या गोड आवाजाला तो सांगायचा नाही, एवढे आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना या दहा दिवसांत बसून समजावून सांगितले तरी पुष्कळ झाले.

विघ्नहर्ता बाहेरची विघ्ने दूर करो, ही प्रार्थना आपण रोजच्या आरतीला करतो. आतली खिडकी लावून घेणे मात्र आपल्याच हाती आहे.

गणपती बाप्पा मोरया!