एचआयव्ही संसर्गमुक्तीचे संशोधन

एचआयव्ही संसर्गमुक्तीचे संशोधन : शरीरात शिरलेला एचआयव्ही विषाणू मुळासकट काढणे, किंवा निदान औषधे बंद केल्यावरही त्याने डोके वर काढू नये अशी अवस्था गाठणे, यासाठी चाललेले संशोधन. लागण टाळणारी लस आणि विषाणू दाबून ठेवणारे औषध हे याहून वेगळे विषय आहेत, पण बातम्यांत तिन्हींची नेहमी गल्लत होते.

ही गल्लत महागात पडू शकते. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचे, म्हणजे सीपीआरचे, उदाहरण घ्या. तिथल्या एआरटी (विषाणू दाबून ठेवणारा औषधोपचार) केंद्रात नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात काही महिन्यांनी विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही. तसा अहवाल हातात पडला की आता गोळ्या कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गोळ्या सोडल्या तर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो.

याचे कारण उसाच्या रानात लव्हाळा खुरपलेल्या कोणालाही कळेल. वरची पात कितीही काढली तरी जमिनीतल्या गाठी शाबूत असतात. एचआयव्ही सीडी-४ या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि आपली जनुके पेशीच्या डीएनएत गुंफून टाकतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. विषाणू तयारच होत नसल्याने औषधाला तिथे काम नसते आणि प्रतिकारशक्तीलाही त्या ओळखू येत नाहीत. हा ‘सुप्त साठा’ १९९०च्या दशकाच्या मध्यास स्पष्ट झाला. उपचार चालू असताना तो निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. या हिशेबाने तो संपायला ७० वर्षांहून अधिक काळ, म्हणजे आख्खे आयुष्य जाईल.

साठा रिकामा झाल्याचे पहिले मान्य उदाहरण टिमोथी रे ब्राउन यांचे. बर्लिनमध्ये राहणाऱ्या या अमेरिकन गृहस्थांना रक्ताचा कर्करोग झाला होता. गेरो ह्यूटर या डॉक्टरांनी २००७ आणि २००८ मध्ये त्यांच्यावर मूलपेशींचे रोपण केले, आणि दाता मुद्दाम असा निवडला की ज्याच्या पेशींवर जनुकबदलामुळे सीसीआर-५ हे विषाणूचे प्रवेशद्वारच नव्हते. ब्राउन २०२० मध्ये कर्करोग उलटून वारले, तेव्हाही त्यांच्या शरीरात एचआयव्ही परतलेला नव्हता. लंडन, ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क येथील रुग्ण धरून २०२४ पर्यंत अशी ७ उदाहरणे नोंदली गेली. जिनिव्हाच्या रुग्णाच्या दात्यात तर हा जनुकबदल नव्हताच, त्यामुळे खरे काम नेमके कशाने झाले हा प्रश्न पुन्हा उघडा झाला आहे. हे सगळे रुग्ण कर्करोगाचे होते. जिवावर बेतू शकणारे रोपण, रोज एका गोळीवर ठणठणीत असणाऱ्या माणसावर करणे कोणत्याही डॉक्टरला शोभणार नाही. शिवाय सीसीआर-५ नसलेले लोक उत्तर युरोपात आढळतात तसे भारतीयांत आढळत नाहीत. इथे असा दाता शोधायला गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही.

बाकीच्या वाटा अजून प्रयोगशाळेत आणि छोट्या चाचण्यांत आहेत. झोपलेल्या पेशी औषधाने जाग्या करून मारायच्या, ही एक. व्होरिनोस्टॅट या कर्करोगावरील औषधाने २०१२ मध्ये त्या जाग्या झाल्याही, पण साठा घटला नाही. उलट त्यांना कायमचे झोपवून ठेवायचे, ही दुसरी. क्रिस्पर या जनुककात्रीने विषाणूची जनुके कापून काढण्याची मानवी चाचणी अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झाली, मात्र ज्यांची औषधे थांबवली त्यांच्यात विषाणू परत आला. या क्षेत्राला अशा निराशा नव्या नाहीत. जन्मानंतर ३० तासांच्या आत औषधे मिळालेले अमेरिकेतील मिसिसिपीचे बाळ बरे झाल्याचे २०१३ मध्ये जगभर गाजले. २७ महिने औषधाविना काढल्यावर, २०१४ मध्ये त्याच्या रक्तात विषाणू सापडला.

महाराष्ट्रातील संशोधनाचे केंद्र पुणे. भोसरी येथे १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (नारी) स्थापन केली. तिचे नाव आता बदलले असले तरी लोक ‘नारी’च म्हणतात. भारतातील पहिली एड्स लस-चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये इथेच सुरू झाली. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकारशक्ती पुरेशी जागी करू शकली नाही. संस्थेचे सर्वांत मोठे श्रेय दुसऱ्याच कामात आहे. ९ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात पुणे एक केंद्र होते. लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषधे दिल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हा त्याचा २०११ मधील निष्कर्ष जगाचे उपचारधोरण बदलून गेला. औषधाविना वर्षानुवर्षे धडधाकट राहणाऱ्या मोजक्या बाधितांची प्रतिकारशक्तीही या संस्थेने अभ्यासली. संसर्गमुक्तीच्या दृष्टीने हे काम अधिक मोलाचे मानावे लागेल. शिवाय भारतात विषाणूचा ‘सी’ हा उपप्रकार पसरला आहे, तर संसर्गमुक्तीचे बहुतेक प्रयोग युरोप-अमेरिकेतील ‘बी’ उपप्रकारावर झाले आहेत. तिकडचा उपाय इथे जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरता येत नाही.

‘एड्स बरा करतो’ अशी जाहिरात मात्र कोणत्याही प्रयोगाची वाट पाहत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ मधील ‘जे’ अनुसूचीत, कोणत्याही औषधाने बरे करण्याचा दावा करता येणार नाही अशा आजारांची यादी आहे. तिच्यात एड्सचा समावेश आहे. असा दावा करणारी पुडी बेकायदा आहे.

एआरटीची औषधे सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी-४ चा आकडा न पाहता निदान होताच ती सुरू केली जातात. आज बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची मिळून रोज एकच गोळी पुरते. ती थांबवण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी आपल्या एआरटी केंद्रात विचारावे. १०९७ या क्रमांकावरही विनामूल्य माहिती मिळते.