माल बांधणी (मालवाहू वाहनांवरील)

ब्रेक, वळण किंवा खड्ड्यात वाहनावरचा माल जागचा हलू नये म्हणून तो पट्टे, साखळ्या व गुटक्यांनी जखडण्याची पद्धत. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात पत्र्याच्या कॉइल, प्रेसचे डाय आणि यंत्रे ट्रेलरवरून सतत ये-जा करतात. याच पट्ट्याच्या कडेला, दिघीत, डीआरडीओची लष्करी पूल विकसित करणारी प्रयोगशाळा आहे. तिच्या ‘सर्वत्र’ पुलाला वाहनावर स्वतःची पक्की बैठक असते. भाड्याच्या ट्रेलरवर चढणाऱ्या डायला ती नसते. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, तरी बांधणी बहुधा चालक-क्लीनरच्याच गळ्यात पडते.

माल मुळात जागेवर राहतो तो तळाच्या घर्षणामुळे. वरून टाकलेला पट्टा फक्त त्याला खाली दाबतो. युरोपीय मानक ईएन १२१९५ पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, तर बाजूला व मागे ०.५ पट जोर धरते. म्हणजे १० टनांच्या यंत्राला ब्रेक लागताच ८ टन रोखायचे. लाकडी तळावर घर्षणांक ०.३ धरला, तर ३ टन आपोआप रोखले जातात. ५ टन उरतात. पट्ट्यावरच्या लेबलात ‘५ टन’ ठळक असते, पण ती तुटण्याआधीची क्षमता. हाताने रॅचेट आवळल्यावर येणारा ताण, म्हणजे ‘एसटीएफ’, साधारण ४०० किलो. दोन्ही बाजू मिळून ८०० किलो दाब, त्यातून २४० किलो रोध. जादा सुरक्षा न धरताही २१ पट्टे लागतील! तळाशी रबरी चटई घालून घर्षणांक ०.६ केला, तर पाच पुरतात. पट्टा आडवा, ३० अंशांत ओढला की दाब निम्म्यावर येतो. म्हणून जड मालाला पुढे अडसर किंवा तिरकी थेट बांधणीच हवी.

भोक आडवे ठेवलेली कॉइल सर्वांत अवघड, कारण ती घसरत नाही, गडगडते. ती दोन्हीकडच्या पाचरींवर टेकवतात. खालचा भाग फळीला लागला, तर पाचरी निकामी. साखळी भोकातून ओवून पुढे व मागे, दोन्हीकडे ताणतात. ग्रेड ८० ची ८ मिलिमीटर साखळी सरळ ओढीत ४ टन पेलते. पत्र्याची कड पॉलिएस्टर पट्टा सहज कापते, तिथे कोपऱ्याचे संरक्षक लागतात. गाठ मारलेला पट्टा बाद समजावा. रॅचेटच्या दांड्याला पाइप घालून आवळण्याची सवय तर सर्रास दिसते. त्याने खटकाच वाकतो. थोडे अंतर गेल्यावर माल बसतो आणि ताण सैल होतो, तेव्हा थांबून पुन्हा आवळावे.

हौद्याबाहेर सळया काढून नेण्याची मुभा २०१४ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतून गेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे. तो माल उतरवण्याचा खर्च वेगळा.