नगिन्यावरचं नाव

आमच्या दादाजानची एक अंगठी घरात आहे. चांदीची, वर लालसर अकीक, आणि अकीकावर उलट्या अक्षरांत कोरलेलं त्यांचं नाव. निजामाच्या राज्यात ते लातूरकडे महसुलात कारकून होते. तेव्हा कागदपत्रं उर्दूत असत आणि सहीच्या जागी शाईत बुडवलेली अंगठी उमटवली की काम भागे.

गेल्या वर्षी तिचा कोंदण सैल झाला म्हणून नांदेडच्या बाजारात एका सोनाराकडे गेलो. त्याने अंगठी न्याहाळली आणि सहज म्हणाला, "सर, नाव घासून काढू का? खडा कोरा असला की विकायला बरा." वाईट वाटलं, पण त्याचा दोष नव्हता. तो बाजाराचं बोलत होता.

कोरलेल्या खड्यांचे दोन प्रकार. अक्षर किंवा चित्र खोल कोरलं, तर तो मोहरेचा खडा. भोवतालचा दगड काढून चित्र वर उठवलं, तर त्याला कॅमिओ म्हणतात. शाहजहानचा चेहरा असा उठवलेला एक छोटा कॅमिओ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पण मोगल आणि दख्खनी दरबारांत खरा मान होता तो नावाच्या खड्याला.

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच मुलखातलं आहे. मॉस्कोत क्रेमलिनमध्ये ८८.७ कॅरेटचा 'शाह' नावाचा हिरा ठेवलेला आहे. त्यावर तीन नावं आहेत. पहिलं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचं, हिजरी १००० म्हणजे इ.स. १५९१-९२. हा बुऱ्हाण म्हणजे चांदबीबीचा भाऊ. हिरा कोरायला हिऱ्याचीच भुकटी लागते. ते किचकट काम तेव्हाच्या कारागिराने केलं.

पुढे मोगलांनी निजामशाही गिळली. १६३१ मध्ये आपलं कंधार गेलं, १६३३ मध्ये दौलताबाद, १६३६ मध्ये उदगीर आणि औसा. त्याच वर्षी निजामशाही संपली. संपवणारा शाहजहान. हिरा त्याच्या खजिन्यात होता. हिजरी १०५१ मध्ये, म्हणजे १६४१-४२ च्या सुमारास, त्याने त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. कुठे? दुसऱ्या पैलूवर. ज्याचं राज्य बुडवलं, त्याचं नाव मात्र त्याने घासलं नाही.

तिसरं नाव इराणच्या फतह अली शाहचं. १८२९ मध्ये तेहरानला रशियाचा वकील, नाटककार ग्रिबोयेदोव, जमावाकडून मारला गेला. त्यानंतर शाहचा नातू खुस्रो मिर्झा माफी मागायला पीटर्सबर्गला गेला आणि हा हिरा झारला नजर केला. रशियन लोकांनीही तिन्ही नावं तशीच ठेवली.

जुन्या रत्नपारख्यांचा हा रिवाज होता. आधीच्या धन्याचं नाव म्हणजे खड्यावरचा डाग नव्हे, त्याची वंशावळ. ब्रिटिश राजघराण्याकडच्या 'तैमूर रूबी' या लाल खड्यावर जहांगीरपासून अहमदशाह अब्दालीपर्यंतची नावं आहेत. उलट कोहिनूरचं काय झालं? चमक वाढावी म्हणून १८५२ मध्ये लंडनला तो नव्याने पाडला. १८६ कॅरेटचा हिरा १०५ वर आला.

अहमदनगर आता अहिल्यानगर झालं आहे. गावांची नावं बदलतात, पूर्वीही बदलत होती. औरंगजेबाच्या आधी औरंगाबादचं नाव फतेहनगर होतं आणि त्याआधी खडकी. नवं नाव द्यायला हरकत नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलाला जुनं नाव कुणाचं होतं, तो कोण होता, हे विचारलं तर सांगता आलं पाहिजे. एवढी जागा प्रत्येक खड्यावर असते.

सोनाराकडून मी फक्त कोंदण घट्ट करून आणला. परवा अंगठी शाळेत नेली. एका मुलीने विचारलं, "सर, नाव उलटं का आहे?" मी तिला शाईचा पॅड दिला. तिने अंगठी दाबली, वहीवर उमटवली आणि दादाजानचं नाव सरळ वाचून दाखवलं.