रोजच्या व्यवहारातून कानडी शब्द

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून इथल्या मराठी घरांना कानडीची गरज रोजची आहे. लातूर-नांदेडहून आलेल्या सुनेला तर ती पहिल्याच आठवड्यात भासते.

सुरुवात बाजारापासून करावी. तुपाला तुप्पा, तुरीला तोगरी, पावसाला मळे. मग वर्तमानपत्रातली बाजारभावाची बातमी वाचावी. तिथे ‘बेले’ म्हणजे भाव आणि ‘बेळे’ म्हणजे पीक. पण ‘बे’ लांबवून म्हटले की ‘बेळे’ म्हणजे डाळ.

कचेरीतले अर्जी, जमीनु, सही हे शब्द ओळखीचेच. सातबाऱ्याऐवजी मात्र ‘पहणी’ मागावी.

काही सारखे शब्द फसवतात. कानडीत ‘अवसर’ म्हणजे घाई, ‘अनुमान’ म्हणजे संशय आणि ‘अभ्यास’ म्हणजे बहुधा सवय.

रोज एक बातमी आणि पाच शब्द पुरेत. अडलेला शब्द शाळेत कानडी शिकणाऱ्या नातवंडांना विचारावा आणि त्याचा मराठी शब्द त्यांना सांगावा. आजीला कचेरीतली सूचना वाचता येईल, नातवाची मराठीही टिकेल.