गरजा 'गोळा' करता येतात का? पुठ्ठ्याच्या संगणकाची गोष्ट

आजचा विषय वरवर बघता संगणकवाल्यांचा आहे. एखाद्या कार्यालयात किंवा कारखान्यात नवी माहिती प्रणाली आणायची ठरली, की पहिली पायरी असते वापरणाऱ्यांच्या गरजा गोळा करण्याची. मुलाखती घ्यायच्या, प्रश्नावल्या वाटायच्या, जुनी कागदपत्रं चाळायची, काम चालू असताना शेजारी उभं राहून बघायचं, सगळ्यांना एकत्र बसवून चर्चा करायची. ही तंत्रं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. आपण मात्र 'गोळा करणं' या क्रियापदापाशी थोडं थांबू. गोळा काय करतात? फुलं, गोवऱ्या, वर्गणी. म्हणजे जे आधीच कुठेतरी तयार आहे ते. माणसांच्या गरजा अशा तयार असतात का, हा आजचा प्रश्न. आणि तो तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे.

त्यासाठी आपल्याला १९७०-८० च्या दशकांतल्या स्कँडिनेव्हियात जावं लागेल. नॉर्वेचे क्रिस्टन न्यूगोर हे सिम्युला या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम सुरू केलं. तोवर प्रणाली कशी हवी हे व्यवस्थापन सांगायचं आणि तज्ज्ञ बांधायचे. न्यूगोर यांनी विचारलं, जो यंत्रापाशी उभा आहे त्याचं काय? गरज कोणाची धरायची, हा प्रश्न तिथे उघडपणे मांडला गेला.

त्याच काळात छापखान्यांवर संक्रांत आली होती. आपल्याकडच्या खिळेजुळणीच्या छापखान्यात ज्यांनी कंपोझिटरचे हात चालताना पाहिले असतील, त्यांना हे सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब संगणकाच्या पडद्यावर जाणार होतं. लंडनचा 'टाइम्स' याच नव्या तंत्राच्या आणि कामगारभरतीच्या वादात १९७८ च्या डिसेंबरपासून जवळजवळ वर्षभर बंद होता. म्हणजे बघा, पोटापाण्याचाच प्रश्न होता.

१९८१ मध्ये नॉर्डिक देशांतल्या मुद्रण कामगारांच्या संघटनेने एक वेगळी वाट धरली. नव्या यंत्राला नुसता विरोध करण्याऐवजी, आपल्या कसबाला साजेसं यंत्र आपणच का घडवू नये? स्टॉकहोम आणि डेन्मार्कमधल्या ओर्‌हूसचे संशोधक सोबत आले. प्रकल्पाचं नाव 'युटोपिया'. स्वीडिश शब्दांच्या आद्याक्षरांतून ते जुळवलं होतं.

सुरुवात पाठ्यपुस्तकाप्रमाणेच झाली. मुलाखती झाल्या, त्यांतून प्रणालीची वर्णनं तयार झाली. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कागदावरच्या त्या वर्णनांत कारागिरांना आपलं काम ओळखू येईना, आणि पानजुळणी करणाऱ्याचा हात नेमकं काय करतो हे संशोधकांना शब्दांतून कळेना. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, हुशार होत्या, तरी बोलणं जुळेना.

मग त्यांनी काय केलं? प्लायवूड, पुठ्ठा आणि कागद आणला. खोटा संगणक उभा केला. पडद्याच्या जागी कागद. कारागिराने 'आता हे चित्र मोठं करतो' म्हटलं की कागद बदलायचा. एका रिकाम्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असं लिहिलं. त्या खोक्यात काहीही नव्हतं, बरं का! पण ते टेबलाशेजारी ठेवल्याबरोबर चर्चा सुरू झाली: प्रूफ इथेच निघालं तर जुन्या प्रूफयंत्राचं काय, कोणाचं काम कुठे जाईल? मुलाखतीत जे तोंडातून आलं नव्हतं ते हातातून आलं.

असं का घडलं? या प्रकल्पातल्या पेले एन यांनी १९८८ मध्ये आपल्या प्रबंधात याचा विचार केला आणि विटगेनश्टाइनचा आधार घेतला. शब्दाचा अर्थ डोक्यात साठवलेला नसतो, तो वापरात असतो, आणि वापर म्हणजे माणसांचा एकत्र चाललेला व्यवहार, ज्याला त्याने भाषाखेळ म्हटलं. स्वयंपाकघरात 'अंदाजाने मीठ' म्हणणाऱ्या आजीला अंदाज म्हणजे किती ग्रॅम, असं विचारून बघा. तिला येत नाही असं नाही. तिचं येणं हातात आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याने कारागीर आणि संशोधक यांना एकत्र खेळता येईल असा एक खेळ दिला. गरज तिथे सापडली नाही, तिथे ती आकाराला आली.

आता हीच गोष्ट उलट्या बाजूने बघू. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी नवी संगणकीय प्रणाली पूर्णपणे सुरू केली. दुसऱ्याच दिवशी ती अर्धीअधिक हाताने चालवायची वेळ आली. कारणं अनेक होती. पण पुढच्या फेब्रुवारीतल्या चौकशी अहवालाने हेही नोंदवलं, की गरजांचं टिपण करताना रुग्णवाहिकांवरच्या कर्मचाऱ्यांचा सहभाग फारच थोडा होता. गाडी कुठे आहे हे प्रणालीला अचूक कळायला हवं होतं, आणि ते कळवणारी माणसंच टिपणाबाहेर होती.

युटोपियाची आरती ओवाळायचं मात्र कारण नाही. त्यातून निघालेलं उत्पादन बाजारात फारसं चाललं नाही. शिवाय प्रकल्प मुद्रण कामगारांचा. पत्रकार बाहेरच राहिले, आणि पानजुळणी नेमकी कोणाची, हा वाद तर त्या दोघांमधलाच होता. म्हणजे सहभागाच्या या सुंदर प्रयोगातही कोणीतरी उंबऱ्याबाहेर होतंच.

तेव्हा मुलाखत, प्रश्नावली, निरीक्षण ही तंत्रं टाकाऊ आहेत असं आपण म्हणत नाही. हिशेबाचे नियम, फॉर्मवरचे रकाने, कायद्याच्या अटी विचारून कळतात, कागदांत सापडतात. पण कसब विचारून कळत नाही. त्यासाठी काहीतरी मध्ये ठेवून सोबत काम करावं लागतं. आणि कोणाला बोलावलं, कोणाला नाही, हे तर कुठलंच तंत्र आपणहून सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचं असतं, म्हणून त्याची जबाबदारीही माणसांचीच. उद्या तुमच्या बँकेत, शाळेत, ग्रामपंचायतीत नवी प्रणाली येईल, तेव्हा हे दोन प्रश्न जरूर विचारा: खोलीत कोण नाही? आणि आलेल्यांच्या हातात आपण काय दिलं आहे, प्रश्नावली की पुठ्ठा?